मेसवाल्या मावशी फोर्कलिफ्टवर

माझ्या मशीनचं वजन साडेचार टन आहे आणि माझं बासष्ट किलो. गोदामात पाहुणे आले, म्हणजे मोठे साहेब, तपासणीवाले किंवा एखाद्या कॉलेजची मुलं, की त्यांना मला बघून एकच प्रश्न पडतो. तो ते मला न विचारता शेजारच्याला विचारतात. "या चालवतात?" शेजारचा म्हणतो, "हो, मावशीच चालवतात." मग ते फोन बाहेर काढतात. मी फोटोसाठी थांबत नाही. काट्यांवर माल असताना थांबून हसायचं नसतं, हे शिकवायला माझ्या सरांनी दोन आठवडे घालवले होते.

चाकणजवळ, निघोज्याच्या बाजूला, गाड्यांच्या सुट्या भागांचं एक मोठं गोदाम आहे. तिथं मला आता चार वर्षं झाली. लागले तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते.

ज्यांनी फोर्कलिफ्ट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. समोर दोन लांब लोखंडी काटे असतात, ते खालीवर होतात. माल लाकडी चौकटीवर रचलेला असतो, तिला पॅलेट म्हणतात. पॅलेटखाली काटे घालायचे, उचलायचं, किंचित मागे कलवायचं, न्यायचं आणि ठेवायचं. ऐकायला पाळण्यातलं मूल उचलण्याइतकं सोपं वाटतं. मेख अशी आहे की या गाडीची पुढची चाकं वळत नाहीत, मागची वळतात. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की गाडीचं बूड झपकन उजवीकडे जातं. आणि त्या बुडात पुढच्या मालाला तोल म्हणून भरीव लोखंड घातलेलं असतं. मागून कोणी चालत येत असेल तर त्याला काही कळायच्या आत ते बूड त्याच्यापर्यंत पोचतं. माल उंच असला की समोरचं काही दिसत नाही, मग अख्खी गाडी उलटी चालवायची, मान मागे वळवून. पहिले तीन महिने मी घरी मानेला तेल लावून घेत होते.

कामगारांच्या तोंडी या गाडीचं नाव 'फोर्कलिप' आहे. मीही तेच म्हणते. लिहिताना तेवढं शुद्ध लिहिते.

त्याआधी मी मालकीण होते. चिखलीत आधी ब्लाउज शिवायचं दुकान काढलं, दोन मशीन आणि एक कटिंगचं टेबल. तयार ब्लाउज स्वस्तात मिळायला लागल्यावर ते मिटलं. मग त्याच गाळ्यात मेस सुरू केली आणि ती पंधरा वर्षं चालवली. कंपन्यांत कामाला असलेली, एकेका खोलीत सहा-सहा जण राहणारी माणसं आमच्याकडे जेवायची. लातूरची, परभणीची, बुलढाण्याची, कोकणातलीही काही. भाजी आणायची, गॅस बघायचा ही कामं माझे यजमान करत. भाजीला फोडणी मी द्यायची आणि पोळ्या जैतूनबी करायची.

जैतूनबी कुदळवाडीत राहायची. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, पण मला ताई म्हणायची. अकरा वर्षं रोज सकाळी सहाला यायची. दिवसाला चारशे पोळ्या. पोळपाटावर पोळी आपोआप फिरते आहे असं वाटायचं, तिच्या हाताकडे लक्षच जायचं नाही.

मी मालकीण म्हणून वाईट नव्हते, असं मला तेव्हा वाटायचं. सणाला साडी द्यायचे. ताप आला तर घरी पाठवायचे. पण माझं बोलणं एकेरी मार्गाचं होतं. मी सांगायचे, ती करायची. तिनं काही सुचवलं तर मी म्हणायचे, "जैतून, तू पोळ्यांचं बघ."

साथीच्या काळात मेसची माणसं आपापल्या गावी गेली. परत आली ती निम्मीच, आणि त्यातल्या पुष्कळांना कंपनीतच जेवण मिळायला लागलं होतं. आम्ही आठ महिने रेटलं. शेवटी एका संध्याकाळी मी आणि हे स्वयंपाकघरात उभे होतो, समोर दाळीचं अर्धं पातेलं उरलेलं, आणि यांनी विचारलं, "उद्या किती टाकायची?" मी म्हटलं, "उद्या नकोच."

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लावली : मेस कायमची बंद झाली आहे.

जैतूनबीला सांगायला मी गेले नाही. फोनही केला नाही. मला तिच्यासमोर उभं राहायचं नव्हतं, एवढंच खरं कारण. तिला वाचता येत नाही हे मला अकरा वर्षं माहीत होतं. ती नेहमीसारखी सहाला आली, कुलूप बघून पायरीवर बसली. थोड्या वेळानं पेपरवाला आला, त्याला तिनं पाटी वाचून दाखवायला सांगितली. समोरच्या गिरणीवाल्यानं हे मला पुढे सांगितलं. त्यानं सांगायची गरज नव्हती. मी वरच्या मजल्यावर आमच्या खोलीत होते आणि पडद्याआडून बघत होते. ती उठली, पदर झटकला आणि कुदळवाडीच्या रस्त्यानं निघून गेली.

मेस बंद झाल्यावर महिन्याभरानं भगवान आला. भगवान आमच्याकडे सात वर्षं जेवलेला, परभणीकडचा, पस्तिशीचा माणूस. त्याच्याकडे आमचा एक डबा राहिला होता, तो धुऊन पुसून परत द्यायला आला होता.

"मावशी, आता काय करायलाव?"

"बघू. पापड-लोणची करावीत म्हणते."

"पापड सगळं जगच करायलंय. आमच्या गोदामात फोर्कलिपवर बायका घ्यायलेत. तुम्ही शिका की."

"माझं वय बघ जरा."

"वयाचं सोडा. गरम दाळीचं पातेलं घेऊन तुम्ही आमच्या गर्दीतून जायच्या. कधी एक थेंब सांडला नाही. हे काम तेच हाय. फक्त पातेलं मोठं हाय."

यांना सांगितलं तर हे हसले. "स्कूटी स्टँडवर लावायला माणूस बोलावतेस तू." पण दुसऱ्या दिवशी भोसरीतल्या प्रशिक्षणवर्गाची चौकशी करून पत्ता लिहिलेला कागद यांनीच माझ्या हातात ठेवला.

वर्गात आम्ही तीन बायका आणि अकरा पुरुष होतो. शिकवणारे सर देहूरोडला लष्करी भांडारात आयुष्य काढून निवृत्त झालेले होते. ते पॅलेटवर पाण्यानं काठोकाठ भरलेली बादली ठेवायचे आणि मैदानाला फेरी मारायला लावायचे. परत आल्यावर बादलीत बोट घालून बघायचे. पहिल्या दिवशी माझी बादली अर्धी झाली होती. सर म्हणाले, "मॅडम, घाई झाली असेल तर आधी खाली उतरा. घाई संपली की या."

सरांनी एक गोष्ट इतक्या वेळा सांगितली की आम्ही एकमेकींची चेष्टा करायचो. मशीन कलंडायला लागली तर उडी मारायची नाही. पट्टा लावलेला असला पाहिजे, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि मशीन जाईल तिकडे मशीनबरोबर जायचं. उडी मारणारा माणूस पडतो आणि डोक्यावरचा लोखंडी पिंजरा त्याच्यावर येतो. "तुमचं मन म्हणेल उडी मार. मनाचं ऐकायचं नाही," असं म्हणून सर प्रत्येकाकडून ते वाक्य वदवून घ्यायचे.

मशीन चालवणं मला दीड महिन्यात आलं. नोकरी करणं यायला वर्ष लागलं.

वीस-बावीस वर्षं मी कोणाचं ऐकलं नव्हतं. आता माझी सुपरवायझर होती ऋतुजा मॅडम, वय वर्षं सव्वीस. माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी मोठी. ती म्हणायची, "मावशी, आधी सहा नंबरच्या रांगेतला माल काढा." मी म्हणायचे, "आधी चार नंबरचा काढला तर फेरी वाचेल." एकदा, दोनदा, पाचदा असं झालं. एक दिवस तिनं मला बाजूला बोलावलं.

"मावशी, तुमचं बरोबर असतं पुष्कळदा. पण तुम्ही सांगितलेलं काम सुरू करायच्या आधीच मला सुधारता. आधी करा, मग चहाच्या सुट्टीत सांगा. मी लिहून घेईन."

मला राग आला. दिवसभर आला. पण तिनं खरंच लिहून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात चार नंबरची रांग आधी निघाली. त्या दिवशी बसमधून घरी जाताना, चाकणच्या चौकात नेहमीप्रमाणे अडकलो असताना, मला जैतूनबीची आठवण झाली. ती मेसमध्ये एकदा म्हणाली होती की पिठाचा डबा खिडकीकडे ठेवू या, तिथं दमट नसतं. मी म्हटलं होतं, तू पोळ्यांचं बघ.

ट्रकचालक हे आमच्याकडचं खरं गिऱ्हाईक. त्याला लवकर निघायचं असतं आणि आपल्या गाडीला ओरखडा नको असतो. नगरकडचे एक वयस्कर चालक होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांनी पहिल्यांदा मला बघितलं तेव्हा ते केबिनमधून उतरलेच नाहीत. माल उतरेपर्यंत ट्रकची किल्ली ऑफिसात जमा करायची असते, ती द्यायला नकार. "आदी दुसरा मानूस बोलवा, मग देतो." त्या दिवशी दुसरा माणूस मोकळा नव्हता. तासभर वाट पाहून त्यांनी किल्ली दिली आणि माल उतरेपर्यंत फाटकाकडे तोंड करून बसले.

पुढच्या खेपेला तेच अण्णा मला शोधत गोदामात आले. त्यांच्या ट्रकमध्ये, मालाच्या पार मागे, एक लाकडी कपाट होतं. पोरीच्या लग्नाचं. पुढच्या वाटेत पोचवायचं होतं, पण कंपनीचा माल आधी उतरवायचा तर कपाटाला खेटूनच सगळे पॅलेट काढावे लागणार होते.

"बाई, तुमी काढा," अण्णा म्हणाले. "ही पोरं लई जोरात घुसत्यात."

चौदा पॅलेट काढले. शेवटचे चार तर काटा आणि कपाट यांच्यामध्ये चार बोटांचं अंतर ठेवून. अण्णा ओट्यावर उभे राहून प्रत्येक वेळी श्वास धरत होते, ते मला मशीनवरूनही दिसत होतं. काम झाल्यावर त्यांनी कपाटावरून हात फिरवला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आरसा बी शाबूत हाय." कौतुक एवढंच झालं. मला ते बरेच दिवस पुरलं.

आता ज्या दिवसाबद्दल लिहायचं ठरवून बसले आहे त्याकडे येते.

आमच्या गोदामाला धक्के आहेत, म्हणजे ट्रकच्या उंचीचा ओटा. ट्रक उलटा येऊन ओट्याला टेकतो. ओटा आणि ट्रक यांच्यामधल्या फटीवर एक लोखंडी पूल टाकतात आणि त्यावरून फोर्कलिफ्ट थेट ट्रकच्या पोटात जाते. ट्रक आपला आपण हलू नये म्हणून त्याच्या चाकाखाली एक जाड रबरी ठोकळा लावायचा असतो. ट्रकची किल्ली ऑफिसात जमा असते, मग ट्रक हलेलच कसा, असं कोणालाही वाटेल. तो असा हलतो की साडेचार टनांची मशीन माल घेऊन आत जाते आणि ब्रेक लावते. त्या हिसक्यानं ट्रक केसभर पुढे सरकतो. दर फेरीला केसभर. ठोकळा असला तर सरकत नाही.

त्या दिवशी सकाळी तीन नंबरच्या धक्क्यावर मी माल भरत होते. भगवानही मशीन चालवायचा, पण त्या दिवशी खालचं काम त्याच्याकडे होतं, म्हणजे ठोकळा लावायचा, पूल टाकायचा आणि मला खूण करायची. त्याच्या धक्क्यावरचा ठोकळा कोणीतरी शेजारी नेला होता. तो आणायला निघाला तेवढ्यात त्याला दुसऱ्या ट्रकचे कागद घ्यायला हाक मारली. परत आल्यावर मी वरून विचारलं, "लावलंय का?" त्यानं अंगठा दाखवला. त्याच्या डोक्यात ठोकळा लावून झाला होता. खरं तर आत जाण्याआधी खाली वाकून स्वतः बघायचं काम माझं. नियमच तसा आहे. मी बघितलं नाही. तो भगवान होता, त्यानं अंगठा दाखवला होता, मला पुरलं.

नववा पॅलेट ठेवून मी मोकळी मशीन मागे घेत होते. मागची चाकं पुलावर आली आणि पूल खाली गेला.

मोठा आवाज झाला असं सगळे सांगतात, मला तो आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच की समोर ट्रकचं छत आलं. मशीनचं बूड फटीत गेलं होतं, पुढची चाकं अजून ट्रकमध्ये होती आणि मी खुर्चीत पाठीवर पडल्यासारखी लटकले होते. उजव्या बाजूला ओट्याची कड हाताच्या अंतरावर होती. मनात आलं, उडी मारली तर त्या कडेवर पोचेन. हात पट्ट्याकडे गेला सुद्धा. मग सरांचं ते वाक्य मी मोठ्यानं म्हटलं, खरंच मोठ्यानं, आणि हात परत स्टिअरिंगवर नेला. त्याच क्षणी ट्रक आणखी सरकला. मशीन आणखी खाली गेली आणि पिंजरा जिथं ओट्याच्या कडेवर आदळला, उडी मारली असती तर तिथं माझं डोकं असतं.

मग सगळं थांबलं. थांबलं ते भगवानमुळे. तो ओट्यावरून खाली उडी मारून शेजारच्या धक्क्यावरचा ठोकळा घेऊन आला होता आणि सरकणाऱ्या ट्रकच्या चाकाखाली त्यानं तो दोन्ही हातांनी कोंबला होता. त्याच्या डाव्या हाताची दोन नखं गेली. अजून एक-दोन हात ट्रक पुढे गेला असता तर मशीन माझ्यासकट खालच्या खड्ड्यात गेली असती.

मला क्रेननं मशीन धरून मग काढलं. बरगडीला चीर गेली होती, बाकी खरचटणं. ऋतुजा मॅडम रुग्णवाहिकेत माझ्याशेजारी बसली होती आणि रडत होती. मीच तिला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सुरक्षा अधिकारी घरी जबाब घ्यायला आले. सभ्य माणूस. त्यांच्या कागदावर प्रश्न छापलेले होते. ठोकळा लावलेला होता का? नव्हता. लावण्याची जबाबदारी कोणाची होती? भगवानची. तुम्ही स्वतः खात्री केली होती का? नाही. खात्री का केली नाही? भगवाननं अंगठा दाखवला होता. त्यांनी कागद फिरवला, मी सही केली. त्यानंतर भगवाननं काय केलं, हा प्रश्न कागदावर नव्हता. मी आपणहून सांगितलं नाही. छाती दुखत होती, भीती अंगातून गेली नव्हती आणि खरं सांगायचं तर मी त्याच्यावर चिडले होते.

भगवानचा मशीनचा परवाना काढून घेतला आणि त्याला पॅकिंगला लावलं. आठवड्यानं तो घरी आला. हाताला पट्टी. खुर्चीवर न बसता दारातच उभा राहिला.

"मावशी, मी काम सोडायलोय. तळेगावकडं एका ठिकाणी हमालीचं बघितलंय."

"भगवान, मी खोटं काही सांगितलं नाही."

"नाही ना. खोटं नाही बोललात," तो म्हणाला. "अर्धं बोललात." आणि गेला.

यांनी मला समजावलं की चूक त्याचीच होती, जीव गेला असता. मीही मला तेच समजावत होते.

तीन आठवड्यांच्या विश्रांतीत एका दुपारी जैतूनबी आली. तिला कोणाकडून तरी कळलं होतं. तीन वर्षांनी आम्ही एकमेकींना बघत होतो. तिनं पोळ्या आणल्या होत्या, फडक्यात बांधलेल्या. मी उठायला लागले तर म्हणाली, "बसा ताई, हलू नका." मग तिनं सांगितलं की आता ती आणि तिची सून घरूनच पोळ्या करून तीन हॉटेलांना देतात. चार बायका हाताखाली आहेत.

मी म्हटलं, "जैतून, त्या दिवशी मी वर होते. खिडकीत."

"मला ठाऊक आहे. पडदा हलला होता."

 "तुला सांगायला पाहिजे होतं गं. माझी हिंमत झाली नाही."

"सांगितलं असतं तर मी रडले असते. तुम्ही पण रडल्या असत्या. मग चहा पिऊन मी घरी गेले असते," ती म्हणाली. "तेवढंच झालं असतं ना, ताई? त्या पेपरवाल्यासमोर मात्र मला फार लाज वाटली. अकरा वर्षं मी ज्या घरात होते तिथली गोष्ट तो मला वाचून सांगत होता."

ती हे रागानं बोलली नाही. झालेलं सांगितलं. मी माफी मागितली तर तिनं हात उडवला आणि पोळ्या गरम असताना खायला सांगितलं.

कामावर परत गेल्यावर पहिल्याच दिवशी मी ऋतुजा मॅडमकडे गेले. म्हटलं, माझ्या जबाबात लिहायचं राहिलं आहे.

"मावशी, ती फाईल बंद झाली."

"मग उघडा. नाहीतर मी नवीन कागदावर लिहून देते. ट्रक भगवाननं थांबवला. हात घालून थांबवला. तो नसता तर मी आज इथं उभी नसते. आणि ठोकळा बघायचं काम आधी माझं होतं, हे माझ्या जबाबात एका ओळीत उरकलंय, ते नीट लिहा."

ती म्हणाली, यानं तुमच्याही नोंदीवर शेरा येईल. मी म्हटलं, येऊ दे. आला. वर्षभर माझं नाव बढतीच्या यादीत नव्हतं. ऋतुजा मॅडमनं तो कागद सुरक्षा अधिकाऱ्यांकडे नेला, तिथून तो वर गेला, आणि चार महिन्यांनी निरोप आला की भगवान शेळके यांना पुन्हा प्रशिक्षण आणि चाचणी देऊन मशीनवर घेता येईल. तळेगावला जाऊन तो निरोप मीच दिला. त्यानं ऐकून घेतलं. "बघतो," एवढंच म्हणाला. चहा मात्र त्यानं पाजला.

बघायला त्याला सात महिने लागले. तोवर इकडे शेरा पुसला गेला होता आणि मला नवीन चालकांना शिकवायचं, त्यांची चाचणी घ्यायचं काम मिळालं होतं. मी पण बादली ठेवते. फक्त बादलीत बोट घालत नाही, डोळ्यांनी बघते.

भगवान चाचणीला आला त्या सकाळी मी ऋतुजा मॅडमला म्हटलं, याची दुसऱ्या कोणाकडून घ्या. ती म्हणाली, दुसरं कोणी नाही, आणि तुम्ही सोडून मला कोणाचा भरवसाही नाही.

त्यानं सुरेख चालवली. तळेगावला पोती वाहूनही हात गेला नव्हता. बादली काठोकाठ परत आली. शेवटचा भाग ट्रकमध्ये जाऊन पॅलेट ठेवायचा. ओट्यावर मशीन उभी केली, पट्टा काढला, खाली उतरला, ट्रकच्या चाकापाशी जाऊन गुडघ्यावर बसला आणि ठोकळा हातानं हलवून बघितला. कपड्यांना माती लागली ती न झटकता परत वर आला, आत गेला, पॅलेट ठेवला, मशीन बाहेर आणली. बघायला जमलेल्यांपैकी दोघांनी टाळ्या वाजवल्या.

मी कागद हातात धरून उभी होते. सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण होती, एक सोडून. मला तो एक रकाना भरायचा नव्हता. मनात आलं, याचं आपण देणं लागतो, एवढं एक बघितलंच नाही म्हणू या. मग कागद दुमडून खिशात ठेवला आणि आधी त्याच्याकडे गेले. सगळ्यांपासून बाजूला, मशीनच्या पलीकडे.

"भगवान, उतरून ठोकळा बघितलास. परत चढलास तेव्हा पट्टा लावला नाहीस."

त्यानं खाली बघितलं. पट्टा खुर्चीच्या बाजूला लोंबत होता.

"म्हणजे नापास?"

"आजचं नापास. कागदावर लिहायच्या आधी तुला सांगायला आले."

 दोन नखं नीट न आलेल्या हातानं त्यानं पट्टा उचलला, लावला, काढला.

"मावशी, हे दुसरं कोणी असतं तर सोडलं असतं बगा."

"असतं."

"आणि तुम्ही?"

"मला तू मशीनवर पाहिजेस. म्हणून उद्या परत ये."

त्यानं मान हलवली. ती होय म्हणून की वैतागून, मला कळलं नाही. फाटकापर्यंत तो चालत गेला, तिथं रखवालदाराशी काहीतरी बोलला आणि मोटारसायकल सुरू करून गेला. मी कागदावर 'फेरचाचणी' लिहून सही केली. घरी यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, आता तो येत नाही.

दुसऱ्या दिवशी माझी बस सव्वाआठला पोचली. भगवान ओट्यावर बसला होता. रखवालदार म्हणाला, सातपासून आलाय, मशीन पुसून ठेवली आहे.